एक डोळा शत्रूवर

मी एक जुना निशाणदार आहे. झेंड्यासकट मोजलात तर तुमच्या करंगळीएवढा भरेन. झेंड्यासकटच मोजा, कारण गेली सतरा वर्षे तो मी खाली ठेवलेला नाही. माझी फौज एका अशा ग्रहावरची आहे की जो कुठल्याच नकाशात सापडायचा नाही. आमचे चिलखत निळे, पाठीवर हवेच्या दोन टाक्या आणि झेंड्यावर तीन चंद्र. काचेच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर, अगदी पुढच्या रांगेत मी उभा असतो. मला ओळखणे सोपे आहे. माझा उजवा डोळा सरळ समोर बघतो आणि डावा भलतीकडेच.

हसा, मित्रांनो, मनसोक्त हसा. या घरात येणारे सगळेच पहिल्यांदा हसतात. मी आता रागावत नाही. पण त्या डोळ्याची गोष्ट मात्र पूर्ण ऐकून घ्या.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. वितळलेला धातू रबराच्या साच्यात ओतला, साचा गरगर फिरवला आणि आम्ही बाराजण एकदम जन्माला आलो. जन्मलो तेव्हा माझा हात वेगळा, झेंडा वेगळा आणि डोक्यापासून टाचेपर्यंत साच्याची एक बारीक शिवण. अंगाला रंग म्हणून नाही. आम्हाला स्पंजात गुंडाळून डबीत घातले आणि डबी दुकानात गेली. तिथून मला मावशीने आणले.

ही मावशी म्हणजे माझ्या मालकिणीची मावशी. राहायला खालच्याच मजल्यावर. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. लोकांना कवळ्या लागतात, दातांवर टोप्या लागतात, त्या ही बनवायची. दात नुसता पांढरा नसतो हे मला तिच्याकडून कळले. मुळाशी तो पिवळसर असतो, टोकाला निळसर, आणि हे सगळे रंग ती केसाएवढ्या ब्रशने थरावर थर देऊन चढवायची. एखाद्या आजोबांचा नवा दात शेजारच्या जुन्या दातांत मिसळून गेला पाहिजे यासाठी ती दुपार दुपार मान मोडून बसायची. असा हात होता तिचा.

तिची भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. ती दिवसभर नखे कुरतडायची, म्हणून मावशीने तिचे नाव खारू ठेवले होते. आईने नखांना कडू औषध लावून पाहिले, बाबांनी रागावून पाहिले. शेवटी मावशी म्हणाली, "हिच्या हातांना काम द्या, म्हणजे तोंडाला सुट्टी मिळेल." आणि एका रविवारी ती आमची डबी घेऊन वर आली.

जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली गेली. मावशीने लॅबमधून एक प्लॅस्टरचा जबडा आणला होता, कुणाच्या तरी कवळीचे माप. मेणाने तिने मला त्या जबड्याच्या मधोमध चिकटवले, म्हणजे मला हात न लावता रंगवता यावे. माझे बालपण असे दुसऱ्याच्या दाढांत गेले. मग कानशीने शिवण घासली, हात चिकटवला, रंग धरून राहावा म्हणून प्रायमर मारला आणि खारूने ब्रश उचलला.

अरे देवा, काय तो रंग! पावावर लोणी फासावे तसा तिने निळा रंग माझ्या पाठीवर फासला.

"पातळ कर, खारू," मावशी म्हणाली. "दोन थर पातळ दे, पण एक जाड देऊ नकोस. आणि करंगळी टेकव आधी."

"करंगळी कशाला? रंगवायचं तर ब्रशने आहे."

"करंगळी टेकली की हात हलत नाही. करंगळी टेकव, श्वास सोड, मग रेघ ओढ."

खारूने ते ऐकले, पण पाठीचा रंग वाळायच्या आधीच मला कौतुकाने उचलले. माझ्या कमरेवर मागच्या बाजूला तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. अगदी रेषा न् रेषा. तिचे तोंड एवढेसे झाले.

"राहू दे," मावशी म्हणाली. "मागून कोण बघतंय त्याला? शत्रूला तो पाठ दाखवणार थोडाच आहे!"

तेवढ्यात मावशीने ब्रश बुडवला तो पाण्याच्या पेल्याऐवजी चहात, आणि न बघता एक मोठा घोट घेतला. दिवसभर तिचे दात निळे होते. दात बनवणाऱ्या बाईचे दात निळे, म्हणून खारूचे बाबा संध्याकाळपर्यंत हसत होते.

डोळे मात्र मावशीने रंगवले. डोळे सगळ्यात अवघड, मित्रांनो. आधी पांढरा ठिपका, त्यावर काळा ठिपका. जरा चुकला की शिपाई घाबरलेला दिसतो किंवा झोपलेला. मावशीने भिंग डोळ्याला लावले, करंगळी टेकवली, श्वास सोडला. आणि मला दिसायला लागले. मी जगात पहिल्यांदा पाहिले ते खारूचे नाक, फार जवळून.

पुढची पाच वर्षे माझ्या उमेदीची. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर लढाई व्हायची. जाडजूड पुस्तकांचे डोंगर, निळ्या ओढणीची नदी, आणि पलीकडे मावशीची हिरवी राक्षससेना. सोंगट्या नसतात या खेळात, आम्हीच असतो. पट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे आणि नशिबात असेल ते भोगायचे. निशाणदार पडला की अर्धी फौज पळ काढते असा नियम होता, त्यामुळे सगळे राक्षस माझ्यावरच तुटून पडायचे. मी किमान शंभर वेळा मेलो असेन. मेलो म्हणजे मला आडवा करून मिठाच्या डबीशेजारी ठेवायचे. तिथून मी उरलेली लढाई बघत असे. बाबा ताट हातात घेऊन उभे असायचे आणि विचारायचे, "ताई, युद्धबंदी कधी? भूक लागलीय." मावशी मान वर न करता म्हणायची, "नदी ओलांडू द्या, मग वाढते."

त्या पाच वर्षांत खारूने नखे खाल्ली नाहीत. आमची संख्या बारावरून साठ झाली आणि आमच्यासाठी काचेचे कपाट आले. पाहुणे वाकून बघायचे. "हे हातानं रंगवलंय?" असे विचारायचे. खारू म्हणायची, "मावशीनं शिकवलं." मावशी म्हणायची, "तीच रंगवते, मी फक्त चहा पिते." माझी मान तेव्हा इतकी ताठ असायची की बोलायची सोय नाही. धातूची असल्यामुळे ती एरवीही ताठच असते, पण तुम्हाला कळले असेल मला काय म्हणायचे आहे.

मग एका गुरुवारी आईने कपाट उघडून फडके मारले. हेतू चांगला होता. फडक्याचा धागा माझ्या झेंड्यात अडकला आणि मी दुसऱ्या फळीवरून खाली, थेट तोंडावर आपटलो. डाव्या डोळ्याच्या जागी रंगाचा टवका उडून नुसता धातू उरला.

खारू तेव्हा चौदा वर्षांची होती आणि शाळेच्या सहलीला गेली होती. ती यायच्या आत दुरुस्त करते म्हणून मावशी मला तिच्या घरी घेऊन गेली. दुपारची वेळ होती. खिडकीजवळच्या टेबलावर मी, ती आणि तो प्लॅस्टरचा जबडा. तिने भिंग लावले, करंगळी टेकवली, श्वास सोडला.

ब्रशचे टोक माझ्या गालावर थरथरले.

तिने ओल्या ब्रशने तो ठिपका पुसला आणि पुन्हा प्रयत्न केला. ठिपका भुवईवर गेला. तिसऱ्या वेळी तिने उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने गच्च धरले. चौथ्या वेळी ठिपका डोळ्यात पडला खरा, पण पार कोपऱ्यात. मग तिने ब्रश ठेवला आणि आपला हात समोर धरून कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत बसली. बोटे हलत होती. मी अगदी जवळून पाहत होतो, आणि मित्रांनो, मला फार भीती वाटली. माझ्या डोळ्याची नव्हे, तिची.

दुसऱ्या दिवशी खारू परत आली. मावशीने मला तिच्या तळहातावर ठेवले आणि हसत हसत म्हणाली, "मुद्दाम केलंय हं. निशाणदार आहे ना तो, एक डोळा शत्रूवर आणि एक डोळा आपल्या माणसांवर. आता कुणी पळून गेलं तर त्याला लगेच कळेल."

खारूने भिंग घेतले आणि मला खूप वेळ न्याहाळले. मग मावशीकडे पाहिले. "भारीच," ती म्हणाली. "हे मला सुचलंच नसतं."

बाबांनी त्याच दिवशी माझे नाव तिरळोबा ठेवले. ते मला आजतागायत चिकटले आहे. खरे काय ते मावशीखेरीज फक्त मला ठाऊक आहे असे मला वाटे, आणि मला तर तोंड असून बोलता येत नाही.

त्यानंतर मावशी रंगवायला बसेनाशी झाली. "डोळे थकतात आता," असे ती सांगायची. लॅबमध्येही तिने दात बनवायचे सोडले आणि आलेल्या मापांची नोंद ठेवायचे काम मागून घेतले. रविवारी ती वर यायची, पण टेबलाशी न बसता सोफ्यावर बसायची. खारू एकटीच रंगवायची. अठराव्या वर्षी तीही जनावरांची डॉक्टर व्हायला दूर निघून गेली आणि कपाटाला कुलूप लागले.

आठ वर्षे, मित्रांनो! माझ्या खांद्यांवर धूळ साचली. माझा झेंडा आणि शेजाऱ्याची बंदूक यांच्यामध्ये एका कोळ्याने संसार थाटला. माळ्यावर ठेवलेल्या बाटल्यांत रंग वाळून खडखडू लागले. सगळे सोसले असते मी. पण मावशी कपाटासमोरून जाताना मान वळवायची, ते मला सोसवत नसे. माझा डावा डोळा तिला दिसू नये म्हणून ती भिंतीकडे बघत जायची.

खारू परत आली ती डॉक्टर होऊन. अंगाला गोठ्याचा वास, हातांवर मांजरींचे ओरखडे, पण पहिल्या रविवारी तिने पहिले काम काय केले असेल तर कपाट उघडले. मऊ ब्रशने तिने एकेकाची धूळ झटकली. कोळ्याला कागदावर घेऊन बाल्कनीत सोडले. आणि जाहीर केले की पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात रंगवलेल्या शिपायांचे प्रदर्शन आहे, तिथे आपली फौज मांडायची. मोडक्या शहराचा देखावा, मधे बंद पडलेली एक गंजकी लढाऊ गाडी, तिच्याभोवती आम्ही पहिले बाराजण, आणि सगळ्यांच्या पुढे मी.

"ह्याला नको ठेवूस," सोफ्यावरून मावशी म्हणाली.

"का? निशाणदार नको फौजेला?"

"नवा आण एखादा. नाहीतर ह्याचा रंग उतरव आणि पुन्हा रंगव. लोक भिंग लावून बघतात तिथे. तो डोळा बघून हसतील."

"तूच म्हणाली होतीस ना, मुद्दाम केलंय?"

चहा अर्धा टाकून मावशी खाली निघून गेली.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी खारू दवाखान्यात होती, आईबाबा बाहेर गेले होते. मावशी वर आली. तिने कपाट उघडले आणि मला पायाखालच्या चकतीला धरून उचलले. टेबलावर रंग उतरवायच्या द्रावणाची बरणी होती. त्यात शिपाई ठेवला की रंग सुटा होतो आणि दात घासायच्या ब्रशने घासला की खाली नुसता धातू उरतो. आमच्यात त्या बरणीचे नाव कुणी काढत नाही.

नशिबाने द्रावण माझ्या मांड्यांएवढेच उरले होते. मी त्यात उभा राहिलो. पाय गार पडले, मग चुरचुरले. खारूचा निळा रंग, तिचा पहिलाच, माझ्या गुडघ्यांवरून पापुद्र्यासारखा सुटू लागला. मला तिच्या त्या छोट्या हाताची आठवण आली आणि मी मनातल्या मनात ओरडलो. थोड्या वेळाने मावशीने मला बाहेर काढले आणि ब्रशने घासायला घेतले. गुडघे झाले, पोटऱ्या झाल्या. मग तिने मला पाठमोरा केला.

कमरेवर तो ठसा होता. एवढ्याशा अंगठ्याचा, रेषा न् रेषा जागेवर.

मावशीचा हात थांबला. म्हणजे थरथरत होताच, पण घासायचा थांबला. तिने भिंग घेतले, ठसा पाहिला आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली.

खारू आली तेव्हा ती तशीच बसलेली होती. तळहातावर मी, खाली निळे पाणी ठिबकत होते. खारूने माझी दशा पाहिली, बरणी पाहिली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"रागव माझ्यावर," मावशी म्हणाली. "तुझं पहिलं काम मी खराब केलं. दोनदा केलं. तो डोळा मी मुद्दाम नव्हता केला, खारू. हात हलला माझा. त्या दिवसापासून हलतोय. डॉक्टरांना दाखवलं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण जाणारही नाही म्हणाले."

"मला माहितीये."

"काय माहितीये?"

"डोळ्याचं. सहलीहून आले त्याच आठवड्यात तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस."

"बारा वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आणि मग तू टेबलाशी यायचंच बंद केलंस." खारूने खुर्ची आणखी जवळ ओढली. "मला डोळा सरळ नको होता गं, मावशी. मला तू शेजारी हवी होतीस."

मग खारूने नाक पुसले आणि देखाव्यातली ती लढाऊ गाडी पुढे ओढली. "हे बघ. आठ दिवस झाले, गंज जमत नाहीये मला."

मावशीने भिंग लावले. गाडीवर गंजाचे ठिपके होते, पण एकसारखे, ओळीत, सारख्या अंतरावर. जनावरांना टाके घालणारा हात तो, तो चुकायला तयारच नव्हता.

"हा गंज आहे की फुलाफुलांचा पडदा?" मावशी म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी असताना हसली.

"मग तू करून दाखव."

"माझा हात..."

"तोच हवाय मला."

खारूने स्पंजचा एक छोटा तुकडा चिमट्यात धरून दिला. मावशीने तो तपकिरी रंगात बुडवला, कागदावर टिपला आणि गाडीजवळ नेला. हात थरथरला. एक ठिपका इथे पडला, तीन तिथे, एक अर्धवट ओढला गेला, दोन एकात एक मिसळले. दारावर, चाकांवर, फुटलेल्या दिव्याभोवती. मुद्दाम करायला जावे तर हजार वर्षांत जमले नसते असा गंज, पावसात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा. खारू श्वास रोखून बघत होती. मावशीने करंगळी टेकवली नव्हती, हे मी नीट पाहिले.

गाडी झाल्यावर तिने मला उचलले. माझ्या उघड्या पडलेल्या गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर तिने चिखल उडवला. चिलखत झिजून आतला धातू दिसतोय, इतका मी चाललोय, असे दिसू लागले. ठशाला तिने हात लावला नाही. डोळ्यालाही नाही.

प्रदर्शनात बक्षीस एका ड्रॅगनला मिळाले. ड्रॅगन असला की त्यालाच मिळते, त्याचे मला काही नाही. पण आमच्या टेबलाशी परीक्षक बराच वेळ थांबले. ते जाडजूड मिशांचे, फार गंभीर गृहस्थ होते. त्यांनी भिंगातून गाडी पाहिली आणि विचारले, "हा गंज कशानं केलात?"

"माझ्या हातानं," मावशी म्हणाली, आणि तो हात तिने टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला. थरथरत होता, थरथरू दिला.

परीक्षकांनी मान डोलावली. मग ते वाकले, भिंग माझ्यावर आणले आणि त्यांच्या मिशा हलल्या. "हा तुमचा निशाणदार मात्र तिरळा झालाय."

"मुद्दाम केलंय," दोघी एकदम म्हणाल्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आम्हाला उचलाल तेव्हा झेंड्याला धरू नका, खालच्या चकतीला धरा. धूळ मऊ ब्रशने झटका, फडके मारू नका. आणि तुमच्या घरात कुणी हात मागे लपवत असेल, कप दोन्ही हातांनी धरत असेल, तर माझ्या खारूसारखी बारा वर्षे थांबू नका. त्यांच्यासाठी टेबलाशी खुर्ची ओढा आणि म्हणा, तूच हवी आहेस.

आता मी परत माझ्या फळीवर आहे. रविवारची सकाळ आहे. टेबलावर वर्तमानपत्रे अंथरली आहेत आणि बाबा आत्तापासून ताट घेऊन फिरत आहेत. माझ्या उजव्या डोळ्याला समोर खारू दिसते. डावा, तो कोपऱ्यात गेलेला, बरोबर टेबलाच्या टोकाकडे बघतो. तिथे मावशीची खुर्ची आहे. बारा वर्षे त्या डोळ्याने ती रिकामी पाहिली. आज तिथे मावशी बसली आहे, आणि ती आत्ता, मला स्पष्ट दिसते आहे, ब्रश चहात बुडवते आहे.